नांवांची माळ कीं यादींतील यादी?



शाळेचें हजेरीपत्रक तुम्हीं सर्वांनीं पाहिलें आहे. डाव्या बाजूस अनुक्रमांक, त्यापुढें नांव, आणि उजवीकडे महिन्याच्या दिवसांचे खण. शिक्षक आडव्या ओळींत विद्यार्थी शोधतात, उभ्या रकान्यांत तारीख शोधतात, आणि जेथें दोन्ही मिळतात तेथें खूण करितात. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिच्यांत कांहीं शहाणपण सांठविलेलें आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु संगणकासाठीं आज्ञावली लिहूं लागलेला विद्यार्थी पहिल्याच महिन्यांत हें शहाणपण विसरतो. आणि विद्यार्थ्याचेंच कशाला, त्याचा शिक्षकही विसरतो. मी स्वतः विसरलों होतों, आणि त्याबद्दलचा दंड माझ्या वर्गांतील एका निरपराध मुलीस भरावा लागला असता. ती हकीकत आधीं सांगतों; मग विषयाकडे वळूं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याकडे इयत्ता नववीची एक तुकडी होती. जून महिन्यांत तिच्या पटावर ४१ विद्यार्थी होते. सहामाही परीक्षेंत मराठी, गणित व शास्त्र या तीन विषयांच्या गुणांची बेरीज करून क्रम लावावयाचा, आणि पहिल्या तिघांस पुस्तकें बक्षीस द्यावयाचीं, असें ठरलें होतें. हें काम हातानें करण्याऐवजीं संगणकावर करावें अशा हौसेनें मीं पायथॉन या भाषेंत एक आज्ञावली लिहिली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक विषयास मीं एकेक नांव योजिलें: मराठी१, गणित१, शास्त्र१, मग मराठी२, गणित२, शास्त्र२, असें करीत अनुक्रमांक ४१ पर्यंत. हीं झालीं १२३ नांवें. त्याखालीं बेरीज१ पासून बेरीज४१ पर्यंत आणखी ४१. सर्वांत खालीं क्रम लावण्यासाठीं त्या ४१ बेरजांचीं नांवें पुन्हां एका ओळींत. काम चाललें, नमुन्याचे आकडे बरोबर आले, आणि मला मोठें समाधान वाटलें.

सप्टेंबर महिन्यांत दुसऱ्या गांवाहून एक मुलगी आमच्या वर्गांत दाखल झाली. तिचा अनुक्रमांक ४२. मीं आज्ञावलींत मराठी४२, गणित४२, शास्त्र४२ हीं नांवें वाढविलीं. बेरीज४२ हेंही वाढविलें. परंतु सर्वांत खालच्या, क्रम लावण्याच्या ओळींत तें नांव घालावयाचें राहून गेलें. यंत्रानें कोणतीही तक्रार केली नाहीं. त्यानें ४१ जणांचा क्रम लावला, मीं तो फलकावर चिकटविला, आणि तीन नांवें बक्षिसासाठीं कार्यालयांत धाडलीं.

तिसऱ्या दिवशीं त्या मुलीचे वडील शाळेंत आले. पिशवींतून त्यांनीं तपासलेल्या तीन उत्तरपत्रिका काढून माझ्यापुढें ठेविल्या आणि अगदीं शांतपणें विचारलें, “सर, पोरीनं पेपर तर सगळे दिलेत. मग यादींत तिचं नांव कुठंच कसं नाहीं?”

मीं तेथेंच कागदावर बेरीज केली. ती मुलगी वर्गांत दुसरी होती.

मीं त्यांची क्षमा मागितली, फलकावरील कागद बदलला, आणि बक्षीस योग्य हातीं गेलें. परंतु ते गृहस्थ भिडस्त असते, अथवा त्या दिवशीं त्यांस रजा मिळाली नसती, तर काय झालें असतें, हा विचार त्या रात्रीं मनांतून जाईना. मी विसरलों, असें म्हणून मला सुटतां आलें असतें. पण खरी चूक विसरण्याची नव्हती; मांडणीची होती. ज्या मांडणींत एक विद्यार्थी वाढला असतां पांच ठिकाणीं आठवण ठेवावी लागते, त्या मांडणींत कोणी ना कोणी, कधीं ना कधीं, विसरणारच. ही मांडणी कशी सुधारावी, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

१. नांवांतील अंक हा अंक नव्हे

यंत्राच्या स्मृतींत ठेविलेल्या एखाद्या किंमतीस आपण जें नांव देतों, त्यास आज्ञावलीच्या भाषेंत चल म्हणतात. हें नांव माणसाच्या सोयीसाठीं असतें. मराठी१ आणि मराठी२ हीं नांवें वाचतांच तुम्हांस वाटतें कीं, हीं दोन्हीं एका घरचीं, आणि दुसरें पहिल्याच्या मागून येतें. यंत्रास असें कांहीं एक वाटत नाहीं. त्याच्या लेखीं मराठी१ व मराठी२ यांत चिंच व आंबा यांहून अधिक नातें नाहीं. नांवाच्या शेवटीं असलेला ‘१’ हा त्यास संख्या म्हणून दिसतच नाहीं. तें त्या नांवाचें एक अक्षर आहे, इतकेंच. अक्षरांत एक मिळवितां येत नाहीं, आणि म्हणून “पुढील विद्यार्थी घे” असें यंत्रास सांगतां येत नाहीं.

एका गल्लींतील घरांस ‘सुखनिवास’, ‘शांतिकुंज’, ‘मातृछाया’ अशीं नांवें आहेत असें समजा. जुन्या पोस्टमनला तीं पाठ असतील. नवा मनुष्य दारोदार पाट्या वाचीत फिरेल. परंतु त्याच घरांस क्रमांक दिले, तर गल्ली प्रथमच पाहणारा मनुष्यही सातव्या घरापुढें आठवें शोधील. यंत्र हें नेहमींच नव्या पोस्टमनसारखें असतें. त्याला नांवें देऊं नका, क्रमांक द्या. मग तें न थकतां शेवटच्या दारापर्यंत जाईल.

तेव्हां या पाठाचें सूत्र एका वाक्यांत सांगतां येतें: नांवांत कोंडलेला अंक बाहेर काढा, आणि तो कंसांत ठेवा.

२. यंत्राकडूनच नांवें करवून घेण्याचा मोह

येथें एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, “सर, नांवें हातानें लिहिण्याचा कंटाळा येतो, तर तीं यंत्राकडूनच तयार करवूं.” ही युक्ति शक्य आहे. पायथॉनमध्यें एक्झेक नांवाची एक सोय आहे. तिला अक्षरांची ओळ दिली म्हणजे ती ओळ आज्ञा समजून यंत्र तिचें पालन करितें. ‘मराठी’ हा शब्द आणि चालू क्रमांक जोडून अशी ओळ बनवावी, आणि ती एक्झेकच्या हातीं द्यावी. म्हणजे शंभर नांवें एका क्षणांत जन्मास येतात. पहिल्यांदां हें जमलें कीं जादू केल्यासारखें वाटतें. परंतु या जादूचे तीन दोष आहेत.

पहिला दोष असा कीं, जीं नांवें यंत्रानें केलीं तीं आज्ञावलींत कोठेंच लिहिलेलीं नसतात. त्यांची किंमत पुन्हां वाचावयाची तर पुन्हां तीच जोडाजोड करावी लागते. शिवाय पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तींत एखाद्या फंक्शनच्या आंत एक्झेकनें केलेलें नवें नांव त्याच फंक्शनमध्यें पुढें साध्या रीतीनें लिहिलें, तर यंत्र “असें नांव मला ठाऊक नाहीं” म्हणून थांबतें. चूक शोधणाऱ्यास तर कशाचाही माग लागत नाहीं.

दुसरा दोष अधिक वाईट. कोणी अनुक्रमांकाऐवजीं विद्यार्थ्याच्या नांवावरूनच चल तयार केला, आणि वर्गांत मीना नांवाच्या दोन मुली असल्या, तर दुसऱ्या मीनाचे गुण लिहितांच पहिलीचे पुसले जातात. एका नांवाखालीं एकच किंमत राहूं शकते. येथेंही यंत्र तक्रार करीत नाहीं. त्याला वाटतें, तुम्हीं जुनी किंमत मुद्दामच बदलली.

तिसरा दोष म्हणजे परक्याच्या हातीं किल्ली देणें. याचें एक प्रसिद्ध उदाहरण संगणकाच्या इतिहासांत आहे. संकेतस्थळें चालविण्यासाठीं पीएचपी नांवाची एक भाषा वापरली जाते. तिच्यांत पूर्वीं रजिस्टर ग्लोबल्स नांवाची सोय होती. पान मागणाऱ्यानें पत्त्याच्या शेवटीं जीं जीं नांवें लिहून पाठविलीं असतील, त्यांचे आपोआप चल बनत. आतां अशी कल्पना करा कीं, परवलीचा शब्द बरोबर आला तर ‘प्रवेश’ या चलांत १ लिहावयाचा, असें एका लेखकानें ठरविलें. परंतु आरंभीं त्या चलांत ० लिहिण्यास तो विसरला. मग कोणीही परका मनुष्य पत्त्याच्या शेवटीं ‘प्रवेश=१’ असें जोडून, परवलीचा शब्द न सांगतांच, आंत शिरूं शकत असे. २००२ सालीं निघालेल्या ४.२.० या आवृत्तीपासून ही सोय मुळांत बंद ठेवण्यांत आली. ज्यांस हवी त्यांनीं ती मुद्दाम उघडावी लागे. २०१२ सालच्या ५.४ या आवृत्तींतून ती कायमचीच काढून टाकली. नांवें निर्माण करण्याचा अधिकार आज्ञावली लिहिणाऱ्याचा असावा, बाहेरून आलेल्या मजकुराचा नसावा, हा धडा त्या भाषेच्या लेखकांस अनुभवानें शिकावा लागला.

३. यादी, आणि यादींतील यादी

आतां योग्य मार्ग पाहूं. तीन विद्यार्थ्यांचे मराठीचे गुण ठेवावयाचे तर तीन नांवांची गरज नाहीं. एकच नांव, आणि चौकटी कंसांत तीन किंमती:

मराठी = [६२, ४८, ७३]

हिला यादी म्हणतात. यादींतील एखादा घटक हवा असल्यास नांवापुढें कंसांत त्याचें स्थान लिहावें. पायथॉनमध्यें स्थानें शून्यापासून मोजतात. म्हणून मराठी[०] म्हणजे ६२, आणि मराठी[२] म्हणजे ७३. शून्य कां, असें विद्यार्थी नेहमीं विचारतात. पहिल्या खणापासून किती खण पुढें जावयाचें, असा त्या अंकाचा अर्थ घ्यावा. पहिल्या खणासाठीं एकही खण पुढें जावयाचें नसतें. हॉलंडचे गणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनीं १९८२ सालीं एका टिपणांत शून्यापासून मोजण्याच्या रीतीचें समर्थन केलें आहे.

आतां मुख्य गोष्ट. यादीच्या खणांत संख्याच ठेवावी असा नियम नाहीं. तेथें दुसरी यादीही ठेवतां येते. म्हणजे एकेक विद्यार्थी ही एक यादी, आणि सर्व वर्ग ही त्या याद्यांची यादी:

गुण = [
  [६२, ५४, ७१],
  [४८, ८०, ६६],
  [७३, ५९, ५७]
]

हें हजेरीपत्रकच झालें. आडवी ओळ विद्यार्थ्याची, उभा रकाना विषयाचा. पहिला कंस ओळ निवडतो, दुसरा रकाना. गुण[१] म्हणजे दुसऱ्या विद्यार्थ्याची सबंध ओळ, [४८, ८०, ६६]. आणि गुण[१][२] म्हणजे त्याचे तिसऱ्या विषयांतील, अर्थात् शास्त्रांतील, ६६ गुण. रकान्यांचा क्रम लक्षांत राहावा म्हणून आरंभीं एक ओळ लिहून ठेवावी:

मराठी, गणित, शास्त्र = ०, १, २

मग गुण[१][शास्त्र] असें लिहितां येतें, आणि वाचणाऱ्यास अर्थ विचारावा लागत नाहीं. (मात्र आतां ‘मराठी’ या नांवाखालीं स्थानाचा अंक आहे; वरची गुणांची यादी राहिली नाहीं, हें ध्यानांत असावें.)

प्रत्येकाची बेरीज करण्यास आतां केवळ दोन ओळी पुरतात:

फॉर ओळ इन गुण:
    प्रिंट(सम(ओळ))

“गुण या यादींतील एकेक ओळ घे, आणि तिची बेरीज छाप,” असा याचा अर्थ. उत्तरें १८७, १९४ व १८९. येथें एक सूचना करणें अवश्य आहे. फॉर, इन, प्रिंट, सम हे शब्द यंत्रावर रोमन अक्षरांत, व गुणांचे आंकडे इंग्रजी पद्धतीनें लिहावयाचे असतात. या पानावर ते वाचकांच्या सोयीसाठीं देवनागरींत छापले आहेत. चलांचीं नांवें मात्र पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरींतही देतां येतात.

आतां बेचाळीसाव्या मुलीचें काय? तीन विद्यार्थ्यांच्या जागीं ४१ ओळी आहेत असें समजा. नवी मुलगी आली तर एकच ओळ लिहावयाची:

गुण.अपेंड([६८, ६४, ६१])

अपेंड म्हणजे शेवटीं जोडणें. बेरजेच्या ओळींत कांहींही बदल करावयाचा नाहीं, कारण त्या ओळींत ४१ हा आंकडा कोठेंच नाहीं. “यादींत जितके असतील तितके,” असें ती म्हणते. जो यादींत आला तो बेरजेंत आला. त्याची वेगळी आठवण कोणास ठेवावी लागत नाहीं.

क्रम लावण्याचीही हीच रीत. प्रत्येकासाठीं बेरीज व अनुक्रमांक अशी दोन घटकांची यादी करावी: [१८७, १], [१९४, २], [१८९, ३]. या तिन्ही मिळून पुन्हां एक यादींतील यादी होते, आणि पायथॉन ती पहिल्या घटकावरून उतरत्या क्रमानें लावून देतो: [१९४, २], [१८९, ३], [१८७, १]. दोघांच्या बेरजा समान असल्या तर यंत्र अनुक्रमांक पाहून एकास पुढें व एकास मागें ठेवतें. अशा वेळीं दोघांसही एकच क्रमांक देणें हें काम शिक्षकानें स्वतः लक्षांत ठेवावें.

४. थोडा पूर्वेतिहास

ही कल्पना पायथॉनची स्वतःची नव्हे. गणितांत आंकड्यांच्या अशा चौकोनी मांडणीस मॅट्रिक्स म्हणतात. हा शब्द जेम्स सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञानें १८५० सालीं योजिला, आणि त्याचा मित्र आर्थर केली यानें १८५८ सालीं मॅट्रिक्सच्या गणितावर निबंध लिहिला. संगणकाचें युग आल्यावर आयबीएम कंपनींत जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं १९५७ सालीं फोरट्रान ही भाषा पुरी केली. तिच्यांत एका नांवाखालीं, तीन स्थानांकांपर्यंत, आंकड्यांची मांडणी करण्याची सोय पहिल्यापासून होती. कारण शास्त्रज्ञांस हजारों मोजमापें हाताळावयाचीं होतीं, आणि प्रत्येकास निराळें नांव देणें कोणासही शक्य नव्हतें. पुढें १९५८ पासून जॉन मॅकार्थी यांनीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत लिस्प ही भाषा रचिली. तिचें नांवच यादी हाताळणें या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडलें. यादींत यादी, त्या यादींत आणखी यादी, अशी कितीही खोल मांडणी करण्याची मोकळीक तिनें दिली. पायथॉन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनीं हॉलंडमध्यें तयार करून १९९१ सालीं प्रसिद्ध केली, आणि यादीची ही मोकळीक तिच्यांतही आली आहे.

खोली वाढविण्याचें उदाहरण शाळेंतच आहे. शाळेंत तुकड्या, तुकडींत विद्यार्थी, विद्यार्थ्याचे विषय. तर शाळा[२][४१][१] म्हणजे तिसऱ्या तुकडींतील बेचाळीसाव्या विद्यार्थ्याचे दुसऱ्या विषयांतील गुण. पाकिटावर घर, गांव, तालुका, जिल्हा लिहितों, त्याच्या उलट हें. मोठ्यांतून लहानाकडे जावयाचें.

५. या वाटेवरील खळगे

योग्य वाट धरली म्हणजे ठेंच लागत नाहीं असें मात्र नाहीं. तीन खळगे सांगून ठेवतों.

पहिला खळगा मला स्वतःला भोंवला. गुण भरण्याआधीं ४२ विद्यार्थ्यांसाठीं शून्यांनीं भरलेलें कोरें पत्रक करावें म्हणून मीं लिहिलें:

गुण = [[०] * ३] * ४२

मग गुण[०][०] = ६२ असें पहिल्या विद्यार्थ्यास दिलें, आणि पाहतों तों बेचाळीसही जणांस मराठींत ६२ गुण! कारण असें कीं, पायथॉनच्या यादींतील खणांत वस्तु नसते, वस्तूचा पत्ता असतो. वरील ओळीनें एकच पाटी तयार झाली, आणि तिचा पत्ता बेचाळीस खणांत लिहिला गेला. एका पाटीवर बेचाळीस मुलांचीं नांवें चिकटविलीं तर एकानें लिहिलेलें सर्वांच्या नांवावर दिसणारच. प्रत्येकास निराळी पाटी हवी असेल तर असें लिहावें:

गुण = [[०] * ३ फॉर क्रम इन रेंज(४२)]

येथें यंत्र बेचाळीस वेळां नवी ओळ तयार करितें. आंतील [०] * ३ यांत धोका नाहीं, कारण संख्या जागच्या जागीं बदलत नाहीं. खणांतील जुन्या संख्येच्या जागीं नवी येते, इतकेंच.

दुसरा खळगा शून्याचा. अनुक्रमांक ४२ ची ओळ गुण[४१] येथें असते. कोणी चुकून गुण[४२] मागितली तर यंत्र थांबून सांगतें कीं, इतकी लांब यादी नाहीं. ही तक्रार त्रासाची वाटली तरी उपकाराची आहे. नांवांच्या माळेंत ती ऐकूं आली नव्हती. परंतु पायथॉनमध्यें ऋण स्थानेंही चालतात, आणि गुण[-१] म्हणजे शेवटची ओळ. म्हणून अनुक्रमांकाच्या जागीं चुकून ० लिहिला, आणि आज्ञावलीनें त्यांतून १ वजा केला, तर शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण निमूटपणें समोर येतात. अनुक्रमांक १ पेक्षां कमी नाहीं ना, हें आधीं तपासावें.

तिसरा खळगा गैरहजर विद्यार्थ्याचा. जो परीक्षेस बसला नाहीं त्याच्या खणांत ० लिहूं नये. शून्य गुण मिळणें आणि परीक्षाच न देणें या भिन्न गोष्टी आहेत, आणि सरासरी काढतांना त्यांतील अंतर उघड होतें. ‘येथें किंमतच नाहीं’ असें दाखविणारी निराळी खूण पायथॉनमध्यें आहे. ती वापरावी, आणि बेरजेच्या वेळीं ती वगळावी. आणखी, खण रिकामा म्हणून तो गाळूं नये. गाळला तर मागचा विषय पुढें सरकतो, आणि शास्त्राचे गुण गणिताच्या रकान्यांत जातात.

सर्व ठिकाणीं यादीच योग्य असेंही समजूं नका. जेथें क्रमानें जावयाचें, तेथें यादी. जेथें नांवावरून शोधावयाचें, तेथें डिक्शनरी नांवाची दुसरी मांडणी आहे. तिच्यांत कंसांत स्थानाऐवजीं शब्द लिहितां येतो, जसें वय[“मीना”]. परंतु तेथेंही दोन मीनांचा प्रश्न उरतोच. म्हणून शाळेच्या दाखल नोंदवहींतील क्रमांकासारखी, दोघांस कधींच समान नसणारी खूण किल्ली म्हणून वापरावी. महत्त्वाचें हें कीं, मीना हा शब्द येथें माहितीचा भाग आहे. आज्ञावलींतील चलाचें तें नांव नव्हे.

६. पालकांस दोन शब्द

आपला मुलगा अथवा मुलगी संगणकावर काय लिहिते हें आपणांस समजत नाहीं, असें अनेक पालक खेदानें सांगतात. त्यांस माझी एक विनंति आहे. मुलानें आज्ञावली दाखविली म्हणजे त्यास एवढाच प्रश्न विचारावा: “यांत उद्यां एक माणूस वाढला, तर तुला किती ठिकाणीं बदल करावा लागेल?” भिशी चालविणाऱ्या गृहिणीस, किराणा दुकानाची उधारीची वही लिहिणाऱ्यास, हा प्रश्न चांगला समजतो. उत्तर ‘एका ठिकाणीं’ असें आलें तर काम ठीक आहे. ‘पांच ठिकाणीं’ असें आलें तर मुलास पुन्हां बसवावें. या परीक्षेस संगणकाचें ज्ञान लागत नाहीं.

७. अभ्यासासाठीं उदाहरणें

(१) घरच्या दुधाच्या हिशेबाची यादींतील यादी करा. जानेवारीपासून प्रत्येक महिन्याची एक ओळ, ओळींत प्रत्येक दिवसाचे लिटर. दूध[०][१४] हें कोणत्या तारखेचें दूध? सर्व ओळींची लांबी सारखी कां नसेल, आणि त्यामुळें बेरजेस अडचण येईल काय?

(२) वरील तीन विद्यार्थ्यांच्या पत्रकांतून केवळ गणिताच्या रकान्याची बेरीज यंत्राकडून करवा. उत्तर १९३ आलें पाहिजे.

(३) भिशींत बारा सभासद व बारा महिने आहेत. भिशी[महिना][सभासद] अशी मांडणी केली तर एका सभासदानें वर्षभरांत भरलेली रक्कम कशी काढाल? कंसांचा क्रम उलटा केला तर कोणतें काम सोपें होईल?

(४) वही = [[ ]] * ५ असें लिहून नंतर वही[०].अपेंड(७) असें केलें. वहींत काय दिसेल? यंत्रास विचारण्यापूर्वीं उत्तर कागदावर लिहा.

उत्तरें तयार झालीं म्हणजे मधल्या सुटींत मजकडे आणून दाखवावीं.

त्या बेचाळीसाव्या मुलीनें पुढें माझी नवी आज्ञावली स्वतः तपासली. तिनें वर्गांत नसलेल्या एका विद्यार्थ्याचे गुण यादीच्या शेवटीं जोडले, आज्ञावली चालविली, आणि त्रेचाळीस ओळी छापल्या गेल्याचें मोजून पाहिलें. मग ती ओळ खोडून तिनें कागद मला परत दिला. तेव्हांपासून दर परीक्षेस, निकाल फलकावर लावण्याआधीं, मी पटावरील संख्या आणि छापलेल्या ओळींची संख्या बोटानें मोजून ताडून पाहतों. यादी कितीही चांगली मांडली तरी तिच्यांत प्रत्येकास प्रथम लिहावें लागतें, आणि तें काम यंत्राचें नव्हे, आपलें आहे.